फिश टँक, बेडूकमासे आणि सातवा अध्याय



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात दरवर्षी एकच प्रश्न निघतो: यंदा दान कशाला द्यायचं? यंदा मात्र त्याच्या आधीच दुसरा प्रश्न आला आणि त्यावरून चांगलीच जुंपली. आमच्या गावातल्या मराठी शाळेचा विज्ञान कोपरा गेली दोन वर्षं आमचं मंडळ चालवतं. तिथल्या बाईंनी निरोप पाठवला की चौथी-पाचवीच्या मुलांना दाखवायला तीन-चार आठवडे वर्गात एका टबात बेडूकमासे ठेवायचे आहेत. मंडळाची हरकत नाही ना? आणि टब, भिंगं वगैरे सामानाला थोडी मदत होईल का?

बैठकीत दोन मिनिटांत नकार झाला. "ऐन चातुर्मासात जीव धरून आणायचे? आणि तेही आपल्या पैशानं?" असं आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. घरी येऊन संध्याकाळच्या भाकरी थापताना वाटायला लागलं, की त्या वर केलेल्या हातात दया किती होती आणि गेल्या वर्षीची लाज किती होती?

गेल्या वर्षीचं आधी सांगते, कारण ते इथे मी कधी लिहिलं नव्हतं.

गेल्या पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आम्ही शाळेला फिश टँक द्यायचं ठरवलं. दोन फुटी काचेची पेटी, आठ गोल्डफिश, पाण्यात हवा सोडणारी मोटर, खाली रंगीत खडे. लोखंडी स्टँडवर मंडळाचं नाव सुंदर अक्षरांत रंगवून घेतलं. मुलं हरखली. आम्ही सगळ्या साड्या नेसून फोटोला उभ्या राहिलो. मी माझी जांभळी पैठणी नेसले होते. एका पैठणीला किती कोष उकळावे लागतात हे त्या दिवशी माझ्या मनातसुद्धा आलं नाही, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत शाळेचा मेन स्विच बंद करायची पद्धत आहे. शिपाई काकांना माशांची कीव आली, म्हणून जाताना त्यांनी पंधरा दिवसांचं खाणं एकदमच पाण्यात ओतलं आणि कुलूप लावलं. मोटर बंद, पाणी कोंडलेलं, खाणं कुजलेलं. शाळा उघडली तेव्हा आठही मासे वर तरंगत होते. वास व्हरांड्यापर्यंत येत होता म्हणतात.

बाईंचा फोन आला तशी मी गेले. मुलांनी मागच्या बाजूला खड्डा काढून मासे पुरले होते, वर झेंडूची फुलं ठेवली होती. चौथीतल्या एका पोरानं माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, "काकू, तुम्ही जैन हाय न्हवं? मग मासं कशाला आणलासा?"

मैत्रिणींनो, आजवर मला कुणी असं निरुत्तर केलं नव्हतं.

तुम्हाला माहीतच आहे, पर्वाच्या दहा दिवसांत आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एकेक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा, म्हणजे व्रतांचा. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून-कोंडून ठेवणं, मारहाण करणं, नाक-कान वगैरे अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. हे मी लग्नाआधीपासून तोंडपाठ म्हणते. त्या वर्षीही सातव्या दिवशी म्हटलं, आणि आठव्या दिवशी फिश टँकला पैसे दिले. यादीतला पहिलाच शब्द 'बंध' आहे, हे आमच्या वीस-बावीस जणींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. शिपाई काकांचा दोष काय? त्यांनी तर अन्न घातलं. तळ्यातल्या माशाला हवा द्यायला मोटर लागत नाही. ती गरज आम्ही निर्माण केली होती.

त्यानंतर मंडळानं ठराव केला: शाळेला कुठलीही सजीव वस्तू द्यायची नाही. 'सजीव वस्तू' हा शब्दसुद्धा बघा कसा आहे! ठराव बरोबर होता. पण त्या ठरावाच्या जोरावर आम्ही यंदा बाईंना नाही म्हटलं, तेव्हा आम्ही सगळा प्रश्नच दाराबाहेर ढकलला, असं मला आता वाटतं. का वाटतं ते सांगते.

मी बारावीला सांगलीत होते, १९८७-८८ साली. तेव्हा प्रात्यक्षिकाला बेडूक फाडावा लागायचा. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, सरकारनं बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. शेतातले किडे खाणारा हा प्राणी परदेशी ताटांसाठी पोत्यांनी मारला जात होता. पण आमच्या प्रयोगशाळेत पोतं येतच होतं. ट्रेमध्ये उताणा, चारी पाय टाचण्यांनी रोवलेला बेडूक आणि आत अजून धडधडणारं हृदय. आजीला मी हे कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर अंघोळ करून देवळात गेले आणि दर्शन न घेताच पायरीवरून परत फिरले. पुढे रसायनशास्त्र घेतलं ते आवड म्हणून नाही, बेडकापासून पळ काढायचा म्हणून. त्या दिवशी मी काय शिकले? कुठली नाडी कुठे जाते ते परीक्षेनंतर महिन्याभरात विसरले. हात थरथरत असला तरी कापता येतं, एवढंच लक्षात राहिलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे शिकवायची गरज काय होती, ते मला आजही समजत नाही.

आता कॉलेजांतलं ते बंद झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्यानं थांबवायच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांतून ते पूर्ण बंद करायला सांगितलं. खरं तर त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलेलं आहे, की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवणं तितकंच होत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. नुसती हात साफ करण्यासाठी म्हणून तर शक्यतो करूच नयेत. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. आणि मग बाईंच्या वर्गातलं कपाट आठवलं.

कायदा म्हणतो, प्रतिकृती असेल तर. आमच्या शाळेच्या कपाटात एक फुटका पृथ्वीगोल, मानवी सांगाड्याचा फाटका तक्ता आणि काही खडू आहेत. शहरातल्या शाळेत प्लास्टिकचा बेडूक असतो, त्याचं पोट उघडून आतडी काढून बघता येतात. भिंतीवर पडदा असतो, उन्हाळ्यात पैसे भरून जंगलाची शिबिरं असतात. माझ्या नातवाच्या पुण्याच्या शाळेत हे सगळं आहे. गरिबाच्या शाळेत प्रतिकृती विकत आणावी लागते आणि बेडूक फुकट मिळतो. गरीब मुलांच्या शाळांत जिवंत प्राणी बरणीत येतो तो मास्तर निर्दय असतात म्हणून नाही. दुसरं काही नसतं म्हणून येतो. तेव्हा 'जीव आणू नका' एवढं सांगून आपण हात झटकले, तर त्या मुलांच्या वाट्याला काहीच उरत नाही. नाही म्हणायचं असेल तर जो म्हणतो त्यानं खिशातही हात घालायला हवा. हे आमच्या बैठकीत कुणी बोललं नाही. मीही नाही.

"त्या पोरांना प्राणी काय दाखवायचे, ती दिवसभर त्यातच असतात," असंही एक वाक्य बैठकीत आलं. त्याचं उत्तर मला गेल्या जानेवारीत मिळालं होतं.

मासे मेल्यापासून मी दर शनिवारी शाळेत जायला लागले. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्यापलीकडे माळावर त्यांच्या कोप्या पडतात. त्यांची काही मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात, मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परत जातात. त्यांचं अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे आणि अभ्यास कुठेच नाही. त्या शनिवारी बाई गाईचं पोट शिकवत होत्या. फळ्यावर चार कप्पे काढले होते. मागच्या ओळीत एक मुलगी बसली होती, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ती एकदम उठली आणि म्हणाली, "बाई, बैलानं रवंथ नाही केला तर माझा बाप झोपत नाही."

बाई शहाण्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि तिलाच बोलायला सांगितलं. मग ती सांगत सुटली. बैल वाडं नुसतंच गिळतो, सोडून बांधला की बसून परत तोंडात आणतो. रवंथ थांबला म्हणजे जनावर आजारी. पुढचे दात फक्त खाली असतात, वर नुसती कडक हिरडी. दुधाचे पडून मोठे दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आठ झाले की जुळला. आमच्या गावच्या, ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्या मुलांनासुद्धा वरचे दात नसतात हे ठाऊक नव्हतं! पुढच्या शनिवारी बाई सगळ्यांना कोप्यांकडे घेऊन गेल्या. मुलं एका बसलेल्या बैलासमोर अर्धा तास बसली आणि एका घासाला तो किती वेळा चावतो ते मोजलं. पन्नासच्या आसपास. गळ्यातून पुढचा गोळा वर येताना दिसतो, तो पहिल्यांदा दिसला तेव्हा जो गलका झाला! बैलानं कान हलवले आणि चावणं चालू ठेवलं.

म्हणजे त्या मुलीला प्राणी माहीत होता. आपल्याला माहीत आहे ते विज्ञान आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचं काम ते.

त्याच दिवशी तिनं बैलाच्या मानेकडे बोट दाखवलं. "खांदा आलाय." जू घासून सुजलेलं, मधून लाल. गाडीवर उसाचा डोंगर, वळणावर चढ, मागून ट्रॅक्टरचे हॉर्न. कुणाचा ऊस? त्या आठवड्यात आमच्याच फडाची तोड चालू होती. अतिभारारोपण हा चौथा अतिचार. नाकातली वेसण धरली तर छेदही आला. आणि आपण भांडतो आहोत तीन आठवड्यांच्या बेडूकमाशांवरून. मी यजमानांशी बोलले. ते म्हणाले, गाडी किती भरायची ते मुकादम ठरवतो, आपल्या हातात काय आहे. असेलही. पण मुलांनी मोजलेला रवंथ आणि पाहिलेला खांदा एकाच धड्यातले आहेत, आणि असा धडा काचेच्या पेटीतून मिळत नाही.

आपल्या घरच्या मुलांचंही सांगते, नाहीतर सगळं शाळेवरच ढकलल्यासारखं होईल. रविवारच्या पाठशाळेत मी इंद्रियांचा तक्ता शिकवते. गांडूळ, जळू दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, माशी-भुंगा चार, आपण पाच. सूत्रकारांनी कृमी, मुंगी, भुंगा आणि माणूस अशी चार नावं घेऊन एका ओळीत हे सांगितलं आहे. मुलं धडाधड म्हणतात. पण त्यांतल्या एकानंही मुंगीकडे पाच मिनिटं टक लावून बघितलेलं नसतं. घरात पाल दिसली की किंचाळतात आणि झुरळ दिसलं की आईला स्प्रे आणायला सांगतात. पाणी गाळून पितो हे अभिमानानं सांगणारी आपली मुलं! जीव कुठे आहे, कसा आहे, हे दिसलंच नाही तर जपायचं कुणाला?

म्हणून बाईंकडून एक भिंग मागून आणलं आणि पाठशाळेतल्या मुलांना आवारातले मुंगळे बघायला बसवलं. दहा मिनिटांत एक मुलगी धावत आली. "काकू, मुंगळ्याला डोळे आहेत. दोन." तक्त्याप्रमाणे त्याला डोळे नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे बहुतेक मुंग्यांना असतात. काय सांगू? क्षणभर वाटलं, भिंग आणलंच नसतं तर बरं झालं असतं. मग म्हटलं, तुला जे दिसलं ते वहीत काढ. माताजी विहार करत आल्या की त्यांना आपण दोघी मिळून विचारू. ते विचारणं अजून बाकी आहे. काहींना माझं हे वागणं पटणार नाही, ठाऊक आहे. पण तिनं तो मुंगळा चिरडला नाही, हातावर घेऊन परत भिंतीवर सोडला, हेही मी पाहिलं आहे.

आता बेडूकमाशांकडे येते.

बाईंची बाजू अशी. ओढ्या-तळ्यांकडे जाऊन बेडकांची अंडी बघा, असं म्हणणं सोपं आहे. पण चाळीस मुलांना घेऊन एकटीनं पावसात ओढ्यावर जायचं म्हणजे जीव मुठीत. ओढा कधी फुगेल सांगता येत नाही, काठाला गवत, गवतात साप. शिवाय चाळीस जोडी पायांखाली तीच अंडी तुडवली जाणार. त्यापेक्षा दहा-बारा बेडूकमासे टबात आणले, काम झालं की परत सोडले, तर हिंसा कमी नाही का? जाऊबाईंची बाजू अशी, की बंध तो बंध, तीन आठवडे काय आणि तीन तास काय. आणि मेले तर पाप कुणाच्या खात्यावर?

मला दोघींचं पटलं, आणि म्हणूनच झोप लागेना. टबातला बेडूकमासा जगवणं सोपं नाही. नळाचं पाणी घातलं तर त्यातल्या टीसीएल पावडरनं मरतो. उन्हात टब तापला तर मरतो. सगळ्यात वाईट म्हणजे पाय फुटून शेपटी जिरायला लागते तेव्हा त्याला पाण्याबाहेर यायला दगड नसला, तर जो इतके दिवस पाण्यात जगला तोच पाण्यात बुडून मरतो. ज्या वर्गात शनिवार-रविवार कुलूप असतं तिथे हे कोण बघणार? फिश टँकचंच दुसरं पर्व झालं असतं. म्हणून बरणी-टबाला माझा आजही नकार आहे. सशाला नकार, पोपटाच्या पिंजऱ्याला तर दोनदा नकार, कारण आपला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. चांदणीच्या नक्षीच्या कासवाचंही तेच, काही घरांत अजून लक्ष्मी म्हणून ठेवतात ते.

पण मला सासूबाईंची विहीर आठवली. आमच्याकडे नळ यायच्या आधी त्या पाणी गाळायच्या आणि गाळण्यात राहिलेले जीव तसेच फेकायच्या नाहीत. गाळणं उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायच्या आणि ते पाणी हळूच त्याच विहिरीत सोडायच्या. जिवाणी. दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही, ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात. लहानपणी मला हे नुसतं सोवळं वाटायचं. पण बेडकांचे रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात, म्हणून अभ्यासकही बेडूक इकडचे तिकडे हलवू नका असं सांगतात. सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या.

मी बाईंना ही गोष्ट सांगायला गेले, तर त्यांनी मला शाळेच्या मागे नेलं. झेंड्याच्या पलीकडे मुरूम काढलेला एक खड्डा आहे, जूनमध्ये भरतो. त्यात बेडकांनी आपणहून अंडी घातली होती आणि काळी, स्वल्पविरामासारखी पिल्लं वळवळत होती. धरून आणायची गरजच नव्हती. मुलांनी खड्ड्याभोवती दोरी बांधली, एकावेळी सहा जण, बाहेरूनच बघायचं. मध्ये एक काठी रोवून बोटाबोटाच्या खुणा केल्या. रोज पाणी किती, मागचे पाय किती जणांना आले, वहीत नोंद. पावसानं आठ दिवस दडी मारली आणि पाणी उतरलं, तेव्हा मुलं रडकुंडीला आली. असे खड्डे आटले की आतली पिल्लं मरतात, हे दरवर्षी होतच असणार, पण कुणी बघत नव्हतं. मग बोअरचं पाणी, पावडर न घातलेलं, कळशीनं हळूहळू ओतायचं ठरलं, पाळ्या लावून.

अडचण इथेही आहे. आशाताई म्हणतात साचलेलं पाणी नको, डेंग्यूचे डास होतात. त्यांचं चुकीचं नाही, पोरं आजारी पडली तर धावपळ त्यांनाच करायची असते. त्या आठवड्याला येऊन खड्ड्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघतात, मुलांनाही बघायला शिकवलं आहे. अळ्या दिसल्या तर काय करायचं? यावर अजून कुणाचं एकमत नाही, आणि माझ्याकडेही उत्तर नाही.

येत्या रविवारच्या बैठकीत मी मांडणार आहे ते असं. जीव वर्गात आणायचा नाही, मुलांना जिवाकडे न्यायचं, आणि त्याचा खर्च मंडळानं उचलायचा. एका फिश टँकच्या पैशांत वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक भिंग येतं. भिंगावर मंडळाचं नाव रंगवायला जागा नसते, याची मला कल्पना आहे. बाईंबरोबर ओढ्यावर जायला आपल्यातल्या चौघी पाळीनं जाऊ, म्हणजे त्यांना एकटीला भीती नको. कापाकापीच्या धड्यांसाठी चांगल्या प्रतिकृती आणि तक्ते घेऊ, कारण तिथे प्रतिकृतीनं खरंच भागतं. मनू प्रकाश या शास्त्रज्ञानं कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक काढला आहे, अगदी स्वस्त, त्यात पाण्याच्या थेंबातले जीव दिसतात. तो घ्यावा का, यावर माझं मन डळमळतं. गाळून का प्यायचं हे त्याच्याइतकं कशानंच कळणार नाही. पण बघून होईपर्यंत काचेवरचा थेंब सुकतो. विचार करून सांगा.

आणि लिंबू, कढीपत्ता. शाळेच्या कुंपणाला दोन्हीची रोपं लावायची आहेत. कुणाच्या गच्चीत कढीपत्ता असेल तर कोवळी पानं नीट बघा, त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी असते. तीच पुढे हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. मग एका धाग्यानं स्वतःला फांदीला बांधून कोष करते आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर पडतं. पिंजरा नाही, मोटर नाही, सुट्टीत कुणी खायला घालायची गरज नाही. काही अळ्या पक्षी खातात, तेही मुलं बघतील. आपण फोडणीला पानं तोडतो तेव्हा पानं उलटून बघायची सवय मला आता लागली आहे, आणि निम्मी फांदी मी अळ्यांसाठी सोडून देते, यजमान हसतात.

कुंभोजच्या भाऊराव पाटलांचं नाव आपण आपला माणूस म्हणून मोठ्या तोऱ्यानं घेतो. १९१९ मध्ये त्यांनी रयत काढली, आणि वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या मुलांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मी मंडळाकडे मागते आहे ती भिंगं आणि आठवड्यातली एक सकाळ.

जाऊबाईंना हे सगळं मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खड्डा बघायला मी येईन, पण पैशाचं मंडळात बोलू." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

ज्यांच्याकडे लिंबाची किंवा कढीपत्त्याची रोपं जास्तीची असतील त्यांनी दशलक्षणच्या आधी देवळाच्या आवारात, पाठशाळेच्या दाराशी ठेवावीत. माती ओली असताना लावली तर धरतील.

आत्ता लिहिताना बाईंचा मेसेज आला आहे. काठीवरची आजची खूण चार बोटं. पाऊस नाही. उद्या सकाळी पाण्याची पाळी पाचवीच्या मुलींची आहे.